भावोजींची हिरवी काच

कुंभकोणमात असा एकही दुकानदार नव्हता, ज्याला आमच्या भावोजींनी एकदा तरी रडकुंडीला आणलं नव्हतं, आणि असाही एक नव्हता, जो भावोजी चार दिवस बाजारात दिसले नाहीत तर "वकीलसामी बरे आहेत ना?" म्हणून चौकशी करत नव्हता. भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे आतेभाऊ. उंच, काटकुळे, कपाळावर गंध, आणि नाक असं की माणूस येण्याआधी नाक दारात यायचं. वकिली करायचे, पण कोर्टात म्हणे फार मऊ. समोरच्या साक्षीदाराला घाम फुटला की भावोजींचाच जीव कासावीस व्हायचा आणि तेच त्याच्यासाठी पाणी मागवायचे. सगळी उलटतपासणी त्यांनी बाजारासाठी राखून ठेवली होती.

बाजारात त्यांचा प्रश्न एकच. वस्तू कोणतीही असो, दुकानदाराच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचे, "हे तुझ्या घरात कोण वापरतं?" वापरत असेल तर घेणार, नसेल तर नाही. एकदा छत्री घ्यायला गेले. छत्रीवाला म्हणाला, माझी बायको हीच वापरते. भावोजी त्याच्या घरी बघायला गेले, तर ती बाई डोक्यावर सूप धरून विहिरीवरून येत होती! भावोजी तसेच माघारी फिरले आणि तो सगळा पावसाळा भिजत कोर्टात गेले, पण छत्री घेतली नाही. कंगवा विकणारा टकला होता म्हणून त्यांनी घरातल्या कुणाला वर्षभर नवा कंगवा आणू दिला नाही. "त्याला काय कळणार, दात टोचतात की नाही ते?" पितळेचं भांडं घ्यायचं तर आधी दुकानदाराच्या घरी त्याच जातीच्या भांड्यातली कॉफी प्यायची. त्यामुळे भांडी थोडी आणि ओळखी फार, असं त्यांचं झालं होतं. पुढं लेकीचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा तर कहर केला. मुलाच्या आईलाच विचारलं, "तुमच्या घरात ह्याचा काय उपयोग होतो?" ती माउली गोंधळून म्हणाली, "विहिरीचं पाणी तोच काढतो." भावोजींनी तिथल्या तिथं नारळ देऊन लग्न पक्कं केलं.

आता अक्का. भावोजींच्या बायकोला मी अक्का म्हणायची. गोऱ्यापान, ठेंगण्या, बोलायला तिखट. त्यांना उन्हाचा त्रास होता. थोडाथोडका नव्हे. लख्ख ऊन डोळ्यावर आलं की अर्धं डोकं असं उठायचं की दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ओलं फडकं बांधून पडून राहायचं. वैद्य झाले, डॉक्टर झाले, नवस झाले. शेवटी अक्कांनीच मार्ग काढला. उन्हाला त्या सासऱ्यासारखं वागवू लागल्या. ऊन अंगणात आलं की ह्या पदर पुढं ओढून माजघरात. ऊन पडवीत आलं की ह्या कोठीच्या खोलीत. "मामंजी बाहेर बसलेत, ते उठले की येते," असं म्हणायच्या. कुठं जायचं ते दिवस मावळल्यावर. लेक आडुतुरैला दिली होती, जावई तिथं भाताच्या संशोधनाच्या कामावर. तिच्याकडे अक्का संध्याकाळच्या गाडीनं जायच्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्याच गाडीनं परत.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसरं सासरी व्हायचं होतं. एक दिवस आम्ही दोघी वाती वळत बसलो होतो, आणि भावोजी पलीकडे कागद वाचत होते. अक्का सहज म्हणाल्या, "ह्या खेपेला बारशाला दिवसा जाईन म्हणते."

"दिवसा?" मी म्हटलं. "आणि डोकं?"

"लेक म्हणते, वाटेनं दोन्ही बाजूंनी शेत आहे. तिच्या घराला लागून शेत आहे. असेल बाई. मी तिचं घर फक्त कंदिलाच्या उजेडात पाहिलंय. शेत म्हणजे मला नुसता बेडकांचा आवाज."

एवढंच बोलल्या आणि पुढची वात घेतली. पण भावोजींच्या हातातला कागद वाचायचा राहिला होता, ते मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका मिरासदाराची जुनी मोटार विकत आणली.

काय ती मोटार! काळीभोर, पुढून म्हशीसारखी, चालू होताना उचकी लागल्यासारखी तीनदा दचकायची आणि मग सगळ्या आळीची भांडी वाजवत निघायची. भावोजी स्वतः चालवायला शिकले. पण अक्कांना त्यात बसवून आळीच्या टोकाला नेलं मात्र, आणि लगेच उलटं आणावं लागलं. चारी बाजूंनी काचा, ऊन सगळीकडून आत. अक्का डोकं धरून खोलीत गेल्या. भावोजी मोटारीभोवती प्रदक्षिणा घालत म्हणाले, "ही मोटार नाही, काचेचा मंडप आहे. काचांना रंग हवा."

आमचे हे म्हणाले, "पडदे लाव ना रे."

आतून अक्कांचा आवाज आला, "पडद्यातच बसायचं तर कोठीची खोली काय वाईट आहे?"

तेव्हा असं ठरलं: काच अशी हवी की ऊन बोचणार नाही, पण बाहेरचं शेत दिसेल. आणि ती बारशाच्या आत हवी. लेकीला आठवा लागला होता. आणि अक्कांना तर उन्हात नेऊन काच दाखवता येत नव्हती, म्हणून भावोजींनी मला धरलं. "तू तुझ्या अक्काच्या जागी. तुला दिसलं पाहिजे आणि तुला बोचता कामा नये." झालं! मी घरातली कामं आटपून रोज मोटारीत बसून दुकानं बघत हिंडायला मोकळी. खरं सांगते, इतकी मजा मी आयुष्यात केली नाही. भावोजी बरोबर एक पितळी तांब्या घ्यायचे, चिंचेनं लख्ख घासलेला. भर दुपारी तो दुकानासमोर रस्त्यात ठेवायचा, त्यावर ऊन असं तळपायचं की बघवू नये, आणि मी दुकानदाराची रंगीत काच डोळ्यासमोर धरून तांब्याकडे बघायचं. तांब्या दिसला पण टोचला नाही तर काच पास! भोवती माणसं जमायची. कुणी म्हणायचं भुताचा उतारा आहे, कुणी म्हणायचं तांब्या विकायला आहे.

आधी गेलो पाट्या रंगवणाऱ्याकडे. लढाईच्या दिवसांत ह्यानं मोटारींचे दिवे अर्धे काळे करून दिले होते, ही त्याची मोठी कीर्ती. त्यानं काचेचा तुकडा निळा करून दिला. मी डोळ्यापुढं धरला.

"तांब्या दिसतो का?" भावोजींनी विचारलं.

"तांब्या नाही, रस्ता नाही, तुम्हीही नाही."

रंगारी म्हणाला, "सामी, विमानातून बॉम्ब टाकणाऱ्यालासुद्धा दिसायचं नाही, गॅरंटी!"

"अरे, मला आतल्या माणसाला दिसायला हवं!" भावोजी ओरडले. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न: "तुझ्या मोटारीच्या काचा दाखव."

रंगारी हात जोडून म्हणाला, "सामी, माझ्याकडे मोटार असती तर तुमच्या मोटारीला रंग लावायला बसलो असतो का?"

आणि तिथंच भावोजींची पंचाईत झाली. उभ्या गावात मोटारीच्या काचा रंगवून देणारा, आणि स्वतःच्या घरी रंगीत काचांची मोटार वापरणारा माणूस आणायचा कुठून? बिचाऱ्यांची आयुष्यभराची कसोटी एका दुपारी लंगडी पडली. त्या दिवशी ते कॉफीसुद्धा प्यायले नाहीत.

मग नाटक कंपनीच्या दिवेवाल्याकडे गेलो. दिव्यापुढं धरायचे रंगीत पातळ कागद असतात ना, लाल, पिवळे, हिरवे, तसले त्यानं काचांना चिकटवले. भावोजी खूश. पण उन्हात कागद आक्रसले, त्यांना फोड आले, आणि घरी पोचेपर्यंत सगळी मोटार देवी आल्यासारखी दिसू लागली. आमचे हे म्हणाले, "हिला आता लिंबाच्या पाल्यात ठेव." भावोजी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत.

शेवटी कुणीतरी काचेवर देवांची चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या चिताऱ्याचं नाव सुचवलं. तंजावरकडची ही जुनी कला. काचेच्या मागच्या बाजूनं रंग द्यायचा आणि पुढून बघायचं. त्याच्या घरात पाऊल टाकलं आणि भावोजी थबकले. स्वयंपाकघराच्या खिडकीला हिरवी काच! बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत कसं झाडाखाली बसल्यासारखं. बाहेरची विहीर, दोरी, दोरीवर बसलेला कावळा, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"हे घरात कोण वापरतं?" भावोजींनी विचारलं.

"मीच," म्हातारा म्हणाला. "दुपारी इथंच बसून काम करतो. नाहीतर डोळे जातात."

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हायकोर्टात जिंकले. तांब्या बाहेर ठेवायचीही गरज वाटली नाही त्यांना. त्या हिरव्या काचेच्या कोपऱ्यात एक सुबक पोपट काढलेला होता. भावोजींनी त्याचंही कौतुक केलं. इतक्या दुकानदारांना घाम फोडणाऱ्या माणसानं त्या पोपटाला मात्र एक प्रश्न विचारला नाही!

चारही दारांच्या काचा मोटारीतून काढून चिताऱ्याकडे गेल्या. त्याचं काम सावकाश. हिरवं वॉर्निश लावून उन्हात वाळवायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा वाळवायचं. तिकडे लेक बाळंत झाली, मुलगी झाली. भावोजी रोज त्याच्या दारात. म्हातारा दार थोडंसं उघडून म्हणायचा, "होतंय, होतंय, सामी. घाई केली की रंग रुसतो." बारशाच्या आदल्या दिवशी निरोप आला: या, काचा तयार आहेत.

आम्ही गेलो. काचा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, वर धोतर झाकलेलं. म्हाताऱ्यानं धोतर ओढलं.

काय सांगू! एका काचेवर गणपती, एकीवर लक्ष्मी, एकीवर रामाचा पट्टाभिषेक, आणि चौथीवर रांगणारा बाळकृष्ण, गुबगुबीत, एका हातात लोणी, पुढ्यात लोण्याचा घडा. हिरव्या वॉर्निशाआडून सगळे देव हिरवट दिसत होते, पण हसत होते. आणि काच सगळी देवांनीच भरलेली. कडेनं बोटभर, देवाच्या हातापायांच्या फटीतून जरा, तेवढीच हिरवी जागा रिकामी.

 मीच म्हटलं, "अहो, आम्ही नुसता हिरवा रंग सांगितला होता."

"तो दिलाच आहे, अम्मा," म्हातारा म्हणाला. "पण आमच्या घरातून कोरी काच बाहेर जात नाही. माझ्या आजोबांनी पाठवली नाही, बापानं नाही. मी कशी पाठवू? देव घाईघाईत काढावे लागले, रंग अजून जरा ओला आहे, सांभाळून."

"पुसता येतील?" भावोजींनी अगदी हळू विचारलं.

म्हाताऱ्यानं शांतपणे फडकं पुढं केलं. "घ्या. तुमचा हात होत असेल तर पुसा."

भावोजी फडकं घेऊन बाळकृष्णासमोर बसले. कृष्ण त्यांच्याकडे बघून हसत होता. भावोजी कृष्णाकडे बघत होते. मग त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि नमस्कार केला. मीही केला. करणार काय!

घरी आलो. मोटारीला काचा बसवल्या आणि दिवस मावळल्यावर अक्का बघायला बाहेर आल्या. भावोजी मान खाली घालून म्हणाले, "मी सगळं गाव पालथं घातलं. चुकलंच माझं. संध्याकाळची गाडी आता गेली असेल. मी आताच बैलगाडी बघतो. पहाटे अंधारात निघू."

अक्का सगळ्या देवांपुढून एकदा फिरल्या. "बाळकृष्ण कुठल्या बाजूला?"

"तुमच्याच," मी म्हटलं.

"मग बैलगाडी कशाला? मी दिवसाच जाणार."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर निघालो. भावोजी चालवायला, शेजारी आमचे हे मांडीवर आहेराचं ताट घेऊन, मागं मी आणि अक्का. आणि मग सुरू झाली ती मिरवणूक! बाजारातून जाताना माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून हात जोडायला लागली. एकानं चपला काढल्या. तिरुनागेश्वरमला तर यात्रेकरूंचा घोळकाच पुढं आला. भावोजींनी हॉर्न वाजवला, तो त्यांना शंख वाटला की काय कोण जाणे, सगळे मोटारीला प्रदक्षिणा घालायला लागले. कुणी कापूर पेटवला. एका म्हातारीनं दाराच्या काचेवर टकटक करून तीर्थ मागितलं.

भावोजी डोकं बाहेर काढून तमिळमध्ये ओरडले, "आजी, ही मोटार आहे, देऊळ नाही!"

"मग देव आत कसे बसले?" म्हातारी म्हणाली.

"वकील ना तू? दे आता उत्तर," आमचे हे म्हणाले.

"मुहूर्त टळतोय आणि तुला थट्टा सुचते!" भावोजी घामानं निथळत होते. शेवटी ह्यांनी ताटातली केळी वाटून लोकांना बाजूला केलं तेव्हा मोटार हलली.

अक्का मात्र ह्या सगळ्यात शांत. काचेला डोळा लावून बसल्या होत्या. "बाहेरच्यांना देव दिसतोय," त्या म्हणाल्या, "मला देवाची पाठ." पण कृष्णाचं कोपर आणि लोण्याचा घडा ह्यांच्या मधे दोन बोटं फट होती, तिच्यातून त्या बघत होत्या. गाव संपलं, झाडं विरळ झाली, आणि अक्कांनी माझा हात गच्च धरला. "ए, हिरवं काहीतरी पळतंय!"

"शेत आहे, अक्का."

"एवढं? संपत कसं नाही?" आणि मग एकदम, "अहो! थांबवा."

मोटार थांबली. भावोजी घाबरून मागं वळले. अक्कांनी कृष्णाला हात जोडले, म्हणाल्या, "क्षणभर खाली बस रे बाळा," आणि काचेचं हँडल फिरवलं.

काच खाली गेली. ऊन आत आलं, सगळं एकदम. पाऊस नुकताच होऊन गेला होता. गुडघाभर भात, मधे चकचकणारं पाणी, लुगडी वर खोचून निंदणाऱ्या बायका, बगळे, आणि थेट आकाशाला टेकेपर्यंत हिरवं. अक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण त्या डोळे मिटत नव्हत्या. भावोजी म्हणाले, "अगं पुरे, दुखेल."

"दुखू दे," अक्का म्हणाल्या. "बेडूक ह्याच्यात राहतात होय!"

मग त्यांनीच हँडल उलटं फिरवलं. काच वर आली आणि आम्ही सगळे बघत राहिलो. दाराच्या खोबणीत घासून ओला रंग निघाला होता. लोण्याचा घडा गेला होता, लोणी गेलं होतं, लोणी धरलेला हातही गेला होता. आणि तिथं पापडाएवढी स्वच्छ हिरवी काच! वॉर्निश पक्कं वाळलेलं, ते जागच्या जागी. भावोजींनी गालात मारून घेतलं. पण अक्कांनी तिथं तोंड नेलं आणि एकदम ओरडल्या, "अहो, दिसतंय! बगळे दिसतायत! आणि बोचत नाही हो, जराही बोचत नाही!"

पुढचा सगळा रस्ता त्या ओरडतच होत्या. बैल! बांध! तो बघा माणूस केळीच्या पानाखाली जेवतोय! मुहूर्त थोडा टळलाच, पण लेकीच्या दारात मोटार थांबली तेव्हा अक्का खाली उतरायलाच तयार नाहीत. काचेतून बघत म्हणाल्या, "अगं, दार निळं आहे! मला इतकी वर्षं वाटत होतं काळं आहे." मग डोक्यावरून पदर ओढून आत गेल्या, आणि नातीला पाळण्यात घालण्याआधी खिडकीपाशी नेऊन, पाठ उन्हाकडे करून, तिचं तोंड नीट पाहून घेतलं. त्या उघड्या काचेपायी पुढं दोन दिवस डोकं दुखलं. तेही लेकीकडेच काढले.

त्यानंतर भावोजी अक्कांना घेऊन सारखे हिंडायचे. स्वामिमलै झालं, इन्नंबूर झालं, कावेरीचा काठ झाला. दर वेळी अक्का कृष्णाला नमस्कार करून काच जरा खाली-वर करायच्या, आणि दर वेळी थोडा रंग जायचा. कुणी काही पुसलं नाही, देवच हळूहळू बाजूला झाला. भावोजी तर बाजारात छाती पुढं काढून सांगायचे, "दुकान निवडावं तर मी निवडलं तसं!" आणि आता प्रश्नाला शेपूट जोडलं होतं: "हे तुझ्या घरात कोण वापरतं, आणि कोपऱ्यात पोपट आहे का?"

भावोजी गेले त्या वर्षी मोटार शेडमध्ये उभी राहिली. घ्यायला माणसं यायची, अक्का चहा-कॉफी देऊन त्यांना वाटेला लावायच्या. एका दुपारी मी गेले तर अक्का घरात नाहीत. माजघरात नाहीत, कोठीच्या खोलीत नाहीत. शेडचं दार अर्धवट उघडं होतं. बघते तर मोटारीत मागं, आपल्या जागेवर बसलेल्या. काचेपलीकडे अंगणात ऊन रखरखत होतं.

"अक्का, इथं काय करताय?"

"ऊन बघतेय. ये, बैस."

मी शेजारी बसले. पुढची सीट रिकामी होती. अंगणातली तुळस, दोरीवरचं लुगडं, तांदळाला आलेल्या चिमण्या, सगळं हिरवं आणि गार दिसत होतं. 

"किती हळू चालवायचे ग," अक्का म्हणाल्या. "लोक हसायचे, बैलगाडीसुद्धा पुढं जाते म्हणून. मला सगळं नीट दिसावं म्हणून तसे चालवायचे." आणि काचेला कपाळ टेकून त्या चिमण्या बघत बसल्या.